पंडिता रमाबाईंचा भरंवसा

पंडिता रमाबाईंचें नांव निघालें कीं आमच्या सुशिक्षित मंडळींत अजूनहि दोन तट पडतात. एक तट त्यांच्या संस्कृत विद्वत्तेचा, विधवांच्या आश्रमाचा व दुष्काळांतील कामाचा गौरव करितो आणि धर्मांतराचा विषय आला म्हणजे घसा खांकरून दुसरीकडे वळतो. दुसरा तट धर्मांतरापासूनच प्रारंभ करितो व त्यापुढें कांहीं पाहूं इच्छीत नाहीं. दोन्ही रीतींनीं बाईंचें चरित्र अर्धेंच हातीं लागतें. ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांव येथें त्यांचें देहावसान झालें, त्यास शंभर वर्षें होऊन गेलीं. ज्या श्रद्धेच्या व ज्या ग्रंथाच्या आधारावर या बाईनें हजारों अनाथ जीव पोसले, ती श्रद्धा रोजच्या व्यवहारांत कशी चालली, हें आतां तरी रागलोभ सोडून पाहण्यास हरकत नसावी. आम्ही स्वतः ख्रिस्ती नाहीं. परंतु ज्याच्या घरचा वाद त्यानेंच त्याचा निवाडा करावा असा कांहीं नियम नाहीं. उलट परक्याच्या वह्या तपासणें पुष्कळदां सोपें जातें.

प्रथम एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. शास्त्राच्या शब्दावर संसार सोंपवून द्यावयाचा, ही रीत रमाबाई विलायतेहून शिकून आल्या नाहींत. ती त्यांच्या घरचीच होती. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान् चित्पावन ब्राह्मण. स्वतःच्या पत्नीस त्यांनीं संस्कृत शिकविलें, त्याबद्दल पंडितांचा रोष पत्करला व सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें बिऱ्हाड केलें. तेथेंच २३ एप्रिल १८५८ रोजीं रमाबाईंचा जन्म झाला. आल्यागेल्या यात्रेकरूंचें आदरातिथ्य करण्यांत शास्त्रीबोवांची पुंजी संपली आणि पुढें तें कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थीं फिरूं लागलें. मुलीस आईनेंच शिकविलें. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक तिला मुखोद्गत झाले होते असें सांगतात. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंत दुष्काळ पडला. त्या कुटुंबानें शास्त्रांत सांगितलेलीं स्नानें केलीं, उपवास केले, होतें नव्हतें तें दान देऊन टाकिलें, आणि थोड्याच काळांत वडील, आई व थोरली बहीण अशीं तिघें उपासमारीनें व आजारानें गेलीं. राहिलेलीं बहीणभावंडें अर्धपोटीं, अनवाणी, हिंदुस्थानभर पायीं हिंडलीं. या हालांत कोणाचीहि श्रद्धा ढळली असती. रमाबाईंची जुन्या शास्त्रांवरील श्रद्धा ढळली खरी. परंतु शास्त्र म्हणून जें मानावें तें आचरून पाहिल्याशिवाय सोडावयाचें नाहीं, हा बापाचा बाणा त्यांच्या अंगीं कायम राहिला.

१८७८ सालीं तीं भावंडें कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं परीक्षा घेऊन या वीस वर्षांच्या मुलीस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनीं वेद वाचण्यास सांगितलें. धर्मशास्त्रांचे ग्रंथ ती स्वतः चाळूं लागली, तेव्हां तिला असें आढळलें कीं बाकी सर्व बाबींत एकमेकांशीं भांडणारे हे ग्रंथ स्त्रियांस व शूद्रांस हीन लेखण्यापुरते मात्र एकमत आहेत. या शोधाचा आघात किती खोल गेला असेल, हें ज्यांनीं तो ग्रंथसंग्रह कधीं उघडलाच नाहीं त्या आमच्या धर्माभिमानी बंधूंस कसें कळावें? १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिनबिहारीदास मेधावी या शूद्र गणलेल्या बंगाली वकिलाशीं नोंदणीचा विवाह केला. सिल्चर येथें नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांस लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सांपडली; ख्रिस्ती ग्रंथाशीं खरा परिचय तेथून सुरू झाला. नवऱ्यास तो नाद आवडला नाहीं. १८८२ च्या फेब्रुवारींत तो पटकीनें वारला आणि पदरीं दहा महिन्यांची मनोरमा घेऊन ही विधवा पुण्यास आली.

पुण्यांतील वर्ष सर्वांस ठाऊक आहे: आर्य महिला समाज, स्त्रीधर्मनीति हें पुस्तक, हंटर कमिशनापुढील साक्ष व स्त्रीडॉक्टरांची मागणी. १८८३ सालीं वैद्यक शिकण्याच्या हेतूनें त्या विलायतेस गेल्या. कानांस कमी ऐकूं येत असल्यामुळें तो बेत राहिला, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें त्यांनीं मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

त्या वेळीं पुण्यांत जो गहजब झाला त्यांत बाईंस फसविलें, पैशाचा मोह घातला, इत्यादि अनुमानें पुष्कळ निघालीं. जोतीराव फुल्यांनीं मात्र १८८५ च्या सत्सार या पुस्तिकेंत बाईंची बाजू उघडपणें घेतली. बाईंनीं स्वतः जें कारण सांगितलें तें या अनुमानांहून वेगळें आहे. लंडनजवळ फुलम येथें वाँटेजच्या जोगिणी बदनाम झालेल्या स्त्रियांस जवळ करून त्यांची सेवा करीत असतां बाईंनीं पाहिलें. ज्या स्त्रीला आपला समाज दारांत उभी करीत नाहीं, तिला हातीं धरून पुन्हां माणसांत आणणारा धर्म कोणता, असा प्रश्न त्यांनीं केला. उत्तर म्हणून योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची विहिरीवरील कथा त्यांस वाचून दाखविण्यांत आली. नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजे फादर गोरे, यांच्या लिखाणानें बुद्धीचे कांहीं आक्षेप मिटविले. परंतु मन वळलें तें त्या कथेनें आणि त्या कथेप्रमाणें वागणारीं माणसें डोळ्यांनीं पाहिल्यानें.

बाप्तिस्मा घेतला म्हणजे बाईंनीं आपली बुद्धि पाद्र्यांच्या स्वाधीन केली, अशी समजूत असेल तर वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनशीं झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचावा. त्रैक्याचें तत्त्व त्यांस पटेना, म्हणून तसें मान्य करणारें मतपत्र त्या म्हणेनात. बिशपांचा अधिकार व शास्त्राचा अधिकार यांत त्या काटेकोर भेद करीत. गळ्यांतील क्रूसावर लॅटिन अक्षरें कां, संस्कृत कां नकोत, असें त्यांनीं विचारलें. चेल्टनहॅमच्या स्त्रीविद्यालयांत त्या शिकूं व शिकवूं लागल्या, तेव्हां त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवूं नये असा कौल हिंदुस्थानांतील बिशपांनीं दिला. आपल्या देशांत आपण पुरुषांच्या सभांतून बोललों आहों, याची बाईंनीं त्यांस आठवण दिली. पोशाख त्यांनीं बदलला नाहीं, मांसाहार धरला नाहीं, आणि कोणत्याहि एका पंथाच्या दावणीला त्या पुढें जन्मभर बांधल्या गेल्या नाहींत. देशांतील भटांस जो जाब विचारला तोच त्यांनीं राज्यकर्त्यांच्या भटांसहि विचारला. राष्ट्रीय वृत्ति म्हणून आपण जिचा गौरव करितों ती याहून फारशी निराळी नसते.

१८८६ सालीं डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठीं त्या अमेरिकेस गेल्या. तेथें उच्चवर्णीय हिंदु स्त्रीविषयींचें त्यांचें इंग्रजी पुस्तक १८८७ सालीं निघालें. बोस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षें मदत देण्याचें तिनें पत्करलें. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस चौपाटीवर शारदासदन उघडलें व पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. त्याच १८८९ च्या डिसेंबरांत मुंबईस राष्ट्रीय सभा भरली, तींत ज्या थोड्या स्त्रिया बसल्या त्यांत रमाबाई होत्या.

आतां १८९३ चा वाद. याच्यावर आमच्याकडे शाई पुष्कळ सांडली आहे, म्हणून वकिलाच्या नजरेनें त्यांतील मुद्दा थोडा सोडवून पाहूं. शारदासदनांत धर्मशिक्षण दिलें जाणार नाहीं, हिंदु मुलींस आपापले आचार पाळण्याची मोकळीक राहील, अशी अट होती. न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर यांसारखे गृहस्थ त्या अटीवर सल्लागार झाले. बाई रोज सकाळीं आपल्या खोलींत मुलीसह बायबल वाचीत व प्रार्थना करीत, आणि दार उघडें ठेवीत. त्या दारांतून कांहीं विद्यार्थिनी आंत येऊन बसूं लागल्या. केसरीनें टीकेची झोड उठविली, पालकांनीं मुली काढून नेल्या, सल्लागारांनीं राजीनामे दिले. बाईंचें म्हणणें असें कीं सदनांत पूजा करणाऱ्या मुलीस मी अडवीत नाहीं, मग प्रार्थनेला येऊन बसणाऱ्या मुलीस कां हांकलावें? सल्लागारांचें म्हणणें असें कीं जी बाई अन्न, वस्त्र व विद्या देते तिचें उघडें दार हें उपदेशाहून कमी नव्हे, आणि अज्ञान मुलींच्या बाबतींत पालकांची संमति पाहिजे. कायद्याच्या दृष्टीनें आमचें मत सल्लागारांकडे झुकतें. पोरक्या, ऋणी मनावर आश्रयदात्याच्या आचरणाचा दाब पडतो, हें कोणत्याहि न्यायाधीशास समजावून सांगण्याची गरज नाहीं. अटीचा शब्द बाईंनीं मोडला नसेल. तिचा आशय मात्र त्या दारांत थोडा झिजला.

परंतु येथेंच निकाल पुरा होत नाहीं. ज्या समाजानें त्या मुली परत नेल्या त्यानें त्यांचें पुढें काय केलें? केशवपन, एकभुक्त आणि अंधारी खोली यांखेरीज त्यांच्यासाठीं दुसरें घर पुण्यांत १८९३ सालीं तयार होतें काय? नव्हतें. आमच्या हातचें असें पहिलें घर धोंडो केशव कर्व्यांनीं १८९६ सालीं काढलें. आणि त्या कर्व्यांची सहधर्मिणी आनंदीबाई, पूर्वीच्या गोदूबाई, ही शारदासदनाच्या अगदीं पहिल्या विद्यार्थिनींपैकींच होती. रमाबाईंच्या दारावर पहारा बसविण्यास जेवढीं माणसें निघालीं त्यांतलीं चार जरी दुसरें दार उघडण्यास निघालीं असतीं, तरी तो वाद तीन वर्षें आधीं संपता. राजीनामा देण्यास एक कागद पुरतो. आश्रम चालविण्यास धान्य लागतें.

बाईंच्या मनांत या सुमारास एक पालट होत होता. बाप्तिस्म्याला आठ वर्षें झाल्यावर, १८९१ च्या आसपास, आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाहीं असें त्यांस वाटूं लागलें. ग्रंथांतील वचन वादासाठीं नसून आपल्या स्वतःसाठीं आहे, अशा भावानें त्या तो वाचूं लागल्या. ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर कोणापुढें हात न पसरतां केवळ प्रार्थनेवर हजारों अनाथ मुलें सांभाळीत. त्यांचें व तशाच इतरांचें चरित्र वाचून, इंग्लंडांत जें होतें तें हिंदुस्थानांत कां होऊं नये, असा विचार बाईंनीं धरला. भाविक वाचकांस हें वाचून आनंद होईल व व्यापारी वाचक मनांत हंसतील. दोघांनींहि पुढचा हिशेब पाहावा.

अमेरिकन मंडळाची दहा वर्षें भरत येणार हें ओळखून बाईंनीं पुणें–दौंड रस्त्यावर केडगांवास सुमारें शंभर एकर जमीन आधींच घेतली होती व फळझाडें लावलीं होतीं. विहिरी खणल्या होत्या. १८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. बाई स्वतः तिकडे गेल्या. लहानपणीं जो दुष्काळ आपल्या आईबापांस खाऊन गेला, तोच पुन्हां डोळ्यांपुढें होता. पोरक्या मुलींस विकत घेण्यास टपलेले दलालहि होते. सदनाची ऐपत साठसत्तर मुलींची. बाईंनीं सुमारें तीनशें मुली व बायका आणल्या. पुण्यांत प्लेगाच्या नियमांमुळें इतकीं माणसें ठेवण्यास मनाई झाली, तेव्हां केडगांवच्या उघड्या माळावर तंबू व गोठे यांत त्यांचें बिऱ्हाड पडलें. मुक्तिसदन उभें राहिलें तें असें.

त्याच १८९७ च्या मे महिन्यांत, म्हणजे रँडसाहेबाच्या खुनाच्याहि आधीं, आश्रमांतील मुलींस पुण्याच्या प्लेगव्यवस्थेंत आलेल्या अनुभवावरून बाईंनीं बाँबे गार्डियन पत्रांत सरकारी इस्पितळाच्या कारभारावर उघड आरोप केले. प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेलें. गव्हर्नर सँडहर्स्टसाहेबांनीं तें खोटें ठरविण्याचा प्रयत्न केला. सरकारी कारभाराविरुद्ध बोलण्याची किंमत त्या वर्षीं काय होती, हें टिळकांच्या तुरुंगावरून व गोखल्यांस मागाव्या लागलेल्या माफीवरून कळतेंच. राज्यकर्त्यांचा धर्म घेतलेली बाई राज्यकर्त्यांची बटीक झाली असें म्हणणारांनीं ही तारीख टिपून ठेवावी.

१९०० सालीं गुजराथेंत दुष्काळ पडला व मुक्तीची वस्ती दीड हजारांच्या वर गेली. इतक्या पोटांस रोज दोन वेळां घालणें म्हणजे काय, हें अडतीच्या पेठेंतील कोणासहि विचारावें. जुन्या मंडळाचा करार १८९८ सालीं संपला. अमेरिकेंत नवें मंडळ झालें खरें, पण एवढ्या खर्चाची हमी कोणाकडेच नव्हती. बाईंनीं आपल्यापुरता नियम केला कीं कर्ज काढावयाचें नाहीं, आणि गरज असेल ती देवापुढें मांडावयाची. पैसा आला नाहीं तर बांधकाम थांबे. आला तर पुढें जाई. आतां येथें एक गोष्ट आम्ही वकिली खवचटपणानें नमूद करितों. मुक्तीच्या गरजा व बातम्या सांगणारें मुक्ति प्रेयर बेल नांवाचें एक इंग्रजी पत्र बाई छापून परदेशीं धाडीत असत. तेव्हां देवाच्या कानांबरोबर ती घंटा मित्रांच्या कानांवरहि पडत होती. यांत आम्हांस ढोंग दिसत नाहीं. परंतु श्रद्धेवर चालणाऱ्या संस्थेसहि टपालखर्च असतो, एवढें भाविकांनीं विसरूं नये.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं प्रार्थना करून हात जोडून बसणें मुक्तीस ठाऊक नव्हतें. शेती, दूधदुभतें, तेलाचा घाणा, विणकाम, शिवण, छापखाना हीं सर्व कामें बायकाच करीत. वाममार्गास लावलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन झालें, वृद्ध व अपंग स्त्रियांसाठीं प्रीतिसदन झालें. मनोरमाबाई परदेशांतून आंधळ्यांची ब्रेल लिपि शिकून आल्या व आंधळ्या मुली बोटांनीं वाचूं लागल्या. अनंतशास्त्र्यांनीं शास्त्रावर भरंवसा ठेवून असेल तें देऊन टाकिलें व कुटुंब उपाशी मेलें. त्यांच्या मुलीनेंहि शास्त्रावरच भरंवसा ठेविला. पण तिनें विहीर खणली, घाणा बसविला व हिशेब ठेविला.

मुक्तीच्या सर्वच गोष्टी आम्हांस रुचतात असें नाहीं. १९०५ सालीं तेथें धार्मिक जागृतीची लाट आली. मुली रडत, थरथरत, रात्ररात्र मोठ्यानें प्रार्थना करीत. आंगांत वारें आल्यासारखा तो प्रकार पाहून पुष्कळ मिशनरीहि दचकले. बाईंनीं तो आवरला नाहीं. ज्या पंडितेनें वाँटेजला बिशपांशीं व्याकरणशुद्ध वाद केला तिनें हें चालूं द्यावें याचें आम्हांस नवल वाटतें. शिवाय मुक्ति आतां उघडपणें ख्रिस्ती संस्था झाली होती, आणि दुष्काळांत जीव वांचलेल्या मुलीच्या धर्मांतरास स्वेच्छा म्हणावें कीं कृतज्ञता, हा १८९३ चाच प्रश्न तेथेंहि उरतो. मात्र तो प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या मुलींस रस्त्यावर टाकून गेलेल्या समाजास कितपत पोंचतो, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

शेवटलें मोठें काम ग्रंथाचेंच होतें. प्रचलित मराठी बायबल अडाणी बायकांस कळत नाहीं, त्यांतील कित्येक संस्कृत शब्द वेदांताचे अर्थ बरोबर घेऊन येतात, अशी बाईंची तक्रार होती. दुसऱ्या कोणी हें करावें म्हणून त्या थांबल्या नाहींत. पन्नाशीच्या सुमारास इब्री व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून, मुळावरून, साध्या मराठींत, सबंध बायबल पुन्हां लिहिण्यास त्या बसल्या. पंधरा वर्षांहून अधिक काळ हें काम चाललें. कान जवळजवळ गेलेले, प्रकृति खालावलेली, आश्रमाचा कारभार डोक्यावर. भाषांतर म्हणून तें कांहीं ठिकाणीं मुळाच्या फार मागें लागलेलें आहे व मराठी वाक्य त्यामुळें अडखळतें. देवळांतून चाललें तें शेवटीं जुनेंच भाषांतर, बाईंचें नव्हे. तरीहि संस्कृतांत पंडिता झालेल्या बाईनें संस्कृत शब्द एकेक वेंचून काढून कुणबिणीला कळेल अशी भाषा शोधावी, ही गोष्ट मराठीच्या इतिहासांत नोंदली गेली पाहिजे. आमचे पंडित बहुधा उलट दिशेनें चालतात.

१९१९ सालीं सरकारनें कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिलें. १९२१ च्या जुलईंत मनोरमाबाई वारल्या. जिच्या हातीं सर्व सोंपवावयाचें तीच आधीं गेली. बाईंनीं काम थांबविलें नाहीं. अखेरच्या दुखण्यांत, मुद्रितें तपासून होईपर्यंत आणखी दहा दिवस मिळावेत, एवढीच त्यांनीं देवापाशीं मागणी केली असें त्यांचे सोबती सांगत. मुद्रितें तपासून झालीं, आणि त्या गेल्या. हिंदुस्थान सरकारनें त्यांच्या नांवाचें टपालाचें तिकीट काढलें तें १९८९ सालीं. ग्रंथ मात्र १९२४ सालींच मुक्तीच्या छापखान्यांतून बाहेर पडला होता. त्याचे खिळे, इब्री व ग्रीक अक्षरांसुद्धां, आश्रमांतल्या बायांनीं जुळविले होते.